तू जिंकलास, पण पूर्ण नाही

फ्रीमाँट,
२१ डिसेंबर २०२५

प्रिय बंड्या,

आपली ती रिकीवरची जुनी पैज तू जिंकलास. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मी कितीही फाटे फोडले तरी तुला पहिल्या ओळीवर बोट ठेवता येईल. ठेवशीलच. पण पूर्ण जिंकलेला नाहीस, आणि ते का नाहीस हे सांगण्यासाठीच हा कागद काढलाय.

काल आपल्या रिकीला, रिकी हेंडरसनला, जाऊन वर्ष झालं. बेस चोरणारा, म्हणजे पिचर बॉल टाकतोय तोवर पुढच्या बेसवर पळून जाणारा, आपला चोर. गेल्या वर्षी बातमी आली तेव्हा तू दोनदा फोन केलास आणि मी उचलला नाही. मग संध्याकाळी मेसेज टाकला, 'मीटिंगमध्ये होतो.' शनिवारी कसली डोंबलाची मीटिंग, हे तुलाही कळलं असणार. तुझा आवाज ऐकला असता तर रडलो असतो, आणि जग्या गेला तेव्हा न रडलेला माणूस एका बेसबॉलवाल्यासाठी रडला हे तू आयुष्यभर ऐकवलं असतंस. म्हणून नाही उचलला. पुढे लाज वाटायला लागली, आणि लाज जुनी झाली की फोन आणखी जड होतो.

तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू आहे, गुडघा होता तिथेच आहे.

आता मुद्दा. थँक्सगिव्हिंगला लेक-जावई आले होते. जेवता जेवता जावई म्हणाला, "बाबा, पुढच्या सीझनपासून तुमच्या रिकीसारखं वाकून उभं राहण्यात काही अर्थ राहणार नाही." माझा घास हातातच राहिला. वाचलं असशीलच, पण तुझ्या तोंडावर सांगायचं पाप माझ्याच माथी आहे: २०२६ पासून बॉल-स्ट्राइकच्या, म्हणजे पिचरचा बॉल बॅटरसमोरच्या झोनच्या चौकटीतून गेला की बाहेरून, या अंपायरच्या निर्णयावर दाद मागता येणार. प्रत्येक टीमला दोन चॅलेंज, दाद लागली तर ते चॅलेंज शिल्लक राहतं. बॅटर, पिचर किंवा कॅचरने डोक्यावर टप मारायची, की कॅमेरे निकाल देणार. आणि कॅमेऱ्यांचा झोन कसा ठरतो माहितीये? बूट काढून, ताठ उभं करून खेळाडूची उंची मोजायची. तिच्या २७ टक्क्यांवर खालची रेघ, साडेत्रेपन्न टक्क्यांवर वरची. मग तू वाक, गुडघ्यात मुंडी घाल, लोटांगण घाल. झोन तेवढाच.

आठवलं? ओकलंडच्या कॉलिझियममधली लेफ्ट फील्डची बाकडी, तुझ्या मांडीवर शेंगदाण्यांची पिशवी, आणि तू म्हणालास, "हा चोर आहे हे खरं, पण बेस नंतर चोरतो. आधी स्ट्राइक झोन चोरतो. याला शिंप्याकडे न्या, सरळ उभा करा, टेप लावा आणि माप कायमचं लिहून ठेवा. मग बघतो किती वेळा चालत जातो पहिल्या बेसवर." जग्या हसून हसून खाली पडायचा बाकी होता. चौतीस-पस्तीस वर्षांनी शिंपी आला, बंड्या. टेप घेऊन.

मी रात्री बसून हिशेब केला. रिकी पाच फूट दहा, म्हणजे सत्तर इंच. नव्या नियमाने त्याचा झोन साडेअठरा इंच उंच भरतो. त्याच्या काळात झोन मोजायचा तो फटका मारायच्या तयारीत तो जसा उभा असेल तसा, आणि तो तर जमिनीवर पडलेलं नाणं शोधत असल्यासारखा उभा असायचा. कारकिर्दीत २,१९० वॉक, म्हणजे चार बॉल झोनबाहेर पडल्यावर फुकटात मिळालेला पहिला बेस. त्यातले किती साडेअठरा इंचांनी खाल्ले असते? पाचशे? आठशे? आकडा काढायला मला काही साधन नाही, आणि खरं सांगायचं तर काढायचाही नाहीये. पहिल्या बेसवर पोचलाच नाही तर दुसरा चोरणार कसा? या एका प्रश्नाने तीन आठवडे झोप उडालीये. सुलूने परवा विचारलं, "ऑफिसचं काही आहे का?" मी हो म्हणालो. रिटायर होऊन आठ महिने झालेत हे तिच्या लक्षात यायला दोन मिनिटं लागली.

पण आता माझी बाजू ऐक. २०२३ मध्ये जे बदल केले ते वाचताना मला वाटलं, हे लोक नियम लिहीत नाहीयेत, रिकीला परत बोलावताहेत. बेस पंधरा इंचांचे अठरा इंचांचे केले, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या बेसमधलं अंतर साडेचार इंचांनी घटलं. त्याहून मोठं म्हणजे, एका बॅटरमागे पिचरने दोनदाच पायाखालच्या फळीवरून पाय काढायचा किंवा धावणाऱ्याला पकडायला बेसवर बॉल फेकायचा. तिसऱ्यांदा फेकला आणि धावणारा सापडला नाही, तर त्याला पुढचा बेस बक्षीस! रिकी बेसवर असला की पिचर किती वेळा तिकडे फेकायचे, आठव. आपण मोजायचो. एकदा तू मोजता मोजता बिअर घेऊन परत आलास तरी तेच चाललं होतं.

१९८२ मध्ये त्याने १३० बेस चोरले आणि ४२ वेळा पकडला गेला. म्हणजे शंभरातले शहात्तर यशस्वी. आणि २०२३ मध्ये अख्ख्या लीगची सरासरी ऐंशी टक्के! धडधाकट, बेताच्या वेगाची पोरंसुद्धा बेधडक पळताहेत. रिकीचा ऐन उमेदीतला सीझन आजच्या सरासरीच्या खाली. आकडा माणसाला किती खोटं पाडतो बघ. त्या मोकळ्या रानात चोविशीतला रिकी सोड. दीडशे. एकशे सत्तर. ओरडू नकोस, मला माहितीये तू आत्ता काय म्हणतोयस.

तू म्हणतोयस, घड्याळ. बरोबर. तेही तुझ्याच बाजूने जातं. बेस रिकामे असले तर पिचरला पंधरा सेकंद, बेसवर माणूस असला तर आता अठरा, आणि घड्याळ आठवर यायच्या आत बॅटरने तयार उभं राहायचं. नाहीतर न खेळता स्ट्राइक. रिकी बॅटिंगला यायचा कसा? वरातीत घोड्यावरून आल्यासारखा. मग स्वतःशी बोलणार, स्वतःचं नाव घेऊन. मग हातमोजा. मग परत बोलणं. माझ्या अंदाजाने पहिल्या आठवड्यात चार-पाच स्ट्राइक फुकट गेले असते आणि दुसऱ्या आठवड्यात साहेब शहाणे झाले असते. पैशाचं आणि आकड्यांचं त्याला बरोबर कळायचं.

तुझा लाडका, आपल्या टीमचा मॅनेजर ला रूसा मात्र आज रडला असता. एकेका बॅटरसाठी पिचर बदलून हनिकटला आणायचा, एक आउट घ्यायचा, उठवायचा. आपली शेवटची गाडी चुकायची. २०२० पासून पिचरने निदान तीन बॅटर टाकायचे किंवा इनिंग संपवायची. हा नियम आधी असता तर मी त्या वर्षी तीन मिडटर्मना वेळेवर पोचलो असतो.

सगळ्यांचाच हिशेब मांडत बसलोय सध्या, दुसरं काय. टेड विल्यम्स: १९४१ मध्ये .४०६ च्या सरासरीने मारणारा माणूस, आणि १९४६ च्या जुलैत क्लीव्हलँडच्या बूड्रोने जवळजवळ अख्खी टीम, तो मारायचा त्या उजव्या बाजूला उभी केली. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सीरिजमध्ये त्याला पंचविसात पाच हिट. हट्टी माणूस, डावीकडे सहज मारता आलं असतं, पण नाही. आज दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना इन्फिल्डची दोन-दोनच माणसं उभी करता येतात. विल्यम्सची भिंत पाडायला सत्त्याहत्तर वर्षं लागली! मला त्याच्यासाठी बरं वाटतं आणि थोडा रागही येतो. हट्ट त्याचा, सवलत दुसऱ्यांना.

आणि पिचर बॉब गिब्सन. इथे मात्र तुला माझं ऐकावंच लागेल, कारण बाकी सगळ्या आपल्या गप्पा, पण गिब्सनच्या बाबतीत प्रयोग खरोखर झालाय. १९६८ मध्ये १.१२ चा इआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, आणि तेरा शटआउट, म्हणजे समोरच्याला शून्यावर ठेवलेल्या मॅचेस. बॅटिंगवाल्यांची दैना बघून मालकांनी माउंड, म्हणजे पिचरच्या पायाखालचा उंचवटा, पंधरा इंचांवरून दहावर आणला आणि झोनही लहान केला. पायाखालची पाच इंच माती काढून घेतली. १९६९ मध्ये त्याने काय केलं? २.१८, वीस विजय. पुढच्या वर्षी तेवीस, आणि सर्वोत्तम पिचरचं साय यंग बक्षीस. तेव्हा मोठा माणूस नियम बदलल्यावर मोडतो असं तू जे म्हणायचास ना, ते या एका ठिकाणी तरी साफ खोटं आहे. आणि तो इतका भराभर टाकायचा की आजच्या घड्याळाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नसतं.

सॅचेल पेज या काळ्या पिचरचं आठवलं की मात्र हा खेळ खेळावासा वाटत नाही. आपण म्हणतो अमुक इंच, तमुक सेकंद. त्याला ज्या नियमाने बाहेर ठेवलं तो रूलबुकात छापलेलाच नव्हता. १९४८ मध्ये आत आला तेव्हा बेचाळीस वर्षांचा. त्या वयात सहा जिंकला, एक हरला. आणि आल्या आल्या त्याचा तो मध्येच थबकून टाकायचा बॉल अमेरिकन लीगच्या अध्यक्षांनी बंद करून टाकला. गेल्या वर्षी निग्रो लीगचे, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगचे, आकडे अधिकृत वहीत चढवले, तिथला जॉश गिब्सन .३७२ च्या सरासरीवर, टाय कॉबच्या वर जाऊन बसला. जावयाने उत्साहाने फोन दाखवला. मी बराच वेळ ती यादी बघत बसलो. जॉश १९४७ च्या जानेवारीतच गेला होता, काळ्यांसाठी मोठ्या लीगचं दार उघडणारा जॅकी रॉबिन्सन यायच्या तीन महिने आधी.

असो. अनिकेतच्या लग्नाचं कळलं, अभिनंदन, यायचा प्रयत्न करतो, तिकिटं बघतोय. वहिनींचं मोतीबिंदूचं नीट झालं ना? फ्लॅटच्या रीडेव्हलपमेंटचं सही करण्याआधी एकदा नाडकर्णीला दाखव, त्याच्यावर तुझा राग आहे ते ठाऊक आहे, तरी दाखव.

कॉलिझियमला शेवटच्या दिवशी गेलो होतो, २६ सप्टेंबर २०२४. हेही तुला सांगितलं नव्हतं. टेक्सासला ३-२ ने हरवलं. आता टीम सॅक्रामेंटोत, पुढे व्हेगास म्हणतात. तू पंचाण्णवला गेलास तेव्हा सेंटर फील्डमागे टेकड्या दिसायच्या. त्यांच्यापुढे ती काँक्रीटची भिंत उठली ती तू पाहिलीच नाहीस, बरं झालं. मी आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसलो. शेजारच्या पोराला म्हटलं, १ मे १९९१ ला मी इथेच होतो, तिसरा बेस चोरून रिकीने लू ब्रॉकचा चोऱ्यांचा विक्रम मागे टाकला, बेस उपटून डोक्यावर धरला. पोरगा म्हणाला, "कूल." आता त्याला काय सांगू, की माइक हातात घेऊन रिकीने 'आज मीच सर्वांत श्रेष्ठ' म्हटल्यावर माझा मित्र 'ब्रॉक शेजारी उभा आहे रे गाढवा' म्हणून मराठीतून ओरडला होता, आणि त्याच रात्री चव्वेचाळीस वर्षांच्या नोलन रायनने सातवा नो-हिटर, म्हणजे समोरच्याला एकही हिट न देता संपवलेली मॅच, टाकल्यावर त्या मित्राने मला साडेअकराला फोन करून जागं केलं होतं, "तुझा चोर पान दोनवर!" एवढं सांगून कुणाला कळणार?

त्या दिवसाचं स्कोअरकार्ड माझ्याकडेच आहे. तुझं पेन्सिलचं अक्षर, कोपऱ्यात जग्याने काढलेला शिंपी, हातात टेप. पैज अशी होती की शिंपी खरंच आला तर ते तुझं. जग्याला अंपायर नेमलं होतं, आता दाद कुणाकडे मागायची?

तरी कार्ड या पत्रासोबत पाठवत नाहीये. आधी मला ठेंगण्या बॅटर एडी गेडेलचं उत्तर दे. १९५१, सेंट लुइस, तीन फूट सात इंच, पाठीवर नंबर एक अष्टमांश. वाकल्यावर त्याचा झोन दीड इंच उरतो असा टीमचा मालक वीकचा दावा होता. तुझ्या शिंप्याच्या टेपने त्याला साडेअकरा इंचांच्या आतबाहेर मिळतो. मग त्याला मिळाला तो चार बॉलवरचा वॉक तरीही मिळाला असता की नाही? नीट विचार करून लिही. फोनवर नको. फोनवर तू आवाज चढवतोस.

तुझा,
शऱ्या