मार्क्सबुर्गहून

कोब्लेंझ

ती. बाबांना सा. न.

रविवारी ऱ्हाइन नदीवरचा मार्क्सबुर्ग किल्ला पाहून आले. गडावर गेल्यावर काय काय बघायचं ते तुम्हीच शिकवलंत, आणि इथे त्यातलं बहुतेक सगळं जागच्या जागी आहे. कोब्लेंझहून ऱ्हाइनच्या काठाकाठाने रेल्वेने ब्राउबाख गाव, मग चढ. आपल्या हिशेबाने त्याला चढ म्हणू नये; नदीपासून गड जेमतेम दीडशे मीटर उंच.

तेराव्या शतकात एप्स्टाइन घराण्याकडे असलेला हा किल्ला १२८३ साली कात्सेनएल्नबोगनच्या सरदारांनी विकत घेतला. विकत! ना वेढा, ना तह. पैसा आला कुठून, तर ऱ्हाइनवरच्या जकातीतून. दरवाजातून आत गेलं की घोडेस्वारांसाठी कातळात कोरलेल्या पायऱ्या लागतात. इतक्या ओबडधोबड की घोड्यांचीच कीव आली. पुढे नदीवर रोखलेल्या तोफा, भलंमोठं स्वयंपाकघर, आणि तटाबाहेर काढलेला संडास, खालून सताड उघडा. आमचा गट सगळ्यात जास्त वेळ तिथेच रेंगाळला!

मधल्या ऱ्हाइनवरच्या डोंगरी किल्ल्यांत कधीही उद्ध्वस्त न झालेला हा एकच. १६८९ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजांनी या भागातले कितीतरी किल्ले उडवले. इथून जवळचा श्टोल्त्सेनफेल्सही त्यातच गेला. साल वाचून थबकलेच. त्याच वर्षी संभाजीराजे गेले आणि रायगड मोगलांकडे गेला. मार्क्सबुर्ग मात्र वाचला. माहिती सांगणाऱ्या बाई ते पराक्रम असल्यासारखं सांगत होत्या. मला काही ते पटलं नाही. पुढे तर या गडाचा तुरुंग झाला होता, अपंग झालेल्या सैनिकांनाही इथेच ठेवत. पडझड व्हायला लागली तेव्हा १९०० साली किल्ले जपणाऱ्या एका संस्थेने अवघ्या हजार जर्मन मार्कांना तो घेतला आणि बोडो एबहार्ट या वास्तुविशारदाने दुरुस्त केला. १९४५ मध्ये अमेरिकन तोफगोळे लागले, तेही नुकसान संस्थेनेच भरून काढलं. संस्थेची कचेरी आजही गडावरच आहे. माझ्या मते कौतुक करायचं तर या लोकांचं.

एकट्याने हिंडू देत नाहीत, गटाबरोबरच फिरावं लागतं. तुम्हाला ते मुळीच आवडणार नाही, पण उन्हाळ्यात आलात की जाऊच. आईला म्हणावं, गुडघ्यांची काळजी नको, गाडी बरीच वरपर्यंत जाते. बुटांचा नंबर तेवढा कळवा, इथे सेल लागलाय.

तुमची,
मनू