मोहाखालची आग थांबवण्यासाठी जाळ्यांची मदत हवी : ग्रामसभेचे आवाहन

सस्नेह सेवा जोहार.

गडचिरोली जिल्ह्यातील आमच्या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये सामूहिक वनहक्क मिळाल्यापासून बांबू व तेंदूपत्त्याच्या विक्रीबरोबरच जंगल राखण्याची जबाबदारीही ग्रामसभेवर आहे. या कामातली सर्वांत मोठी अडचण मात्र आमच्याच घरातली आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो, आणि वारा सुटला की त्याच आगीचा वणवा होऊन चारोळी-आवळ्याची रोपे आणि रानकोंबड्यांची अंडी जळून जातात.

नुसत्या बंदीने हे थांबणार नाही, कारण खरिपाच्या बियाण्याचा पैसा अनेक घरांत मोहावरच उभा राहतो. झाडाखाली कमरेइतक्या उंचीवर बांबूच्या खुंटांना जाळी बांधली, तर पहाटे गळणारी फुले तिच्यातच साचतात, आग लावावी लागत नाही, आणि माती न लागल्याने व्यापाऱ्याला भाव पाडायला निमित्त उरत नाही. शिवाय अंधारात वाकून फुले वेचणाऱ्या बायांना अस्वलाची व वाघाची जी भीती असते, ती कमी होते. उजाडल्यावर निवांत जाऊन जाळी टोपलीत झटकली की झाले. काही घरांनी जुन्या साड्या अंथरून पाहिल्या, पण दवाने साडी भिजते आणि फुले काळी पडतात.

म्हणून प्रत्येक घराला दोन याप्रमाणे जाळ्या देण्याचे ग्रामसभेने ठरवले आहे. रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी शेडनेट नवी किंवा न फाटलेली जुनी, दोन्ही चालेल. मासेमारीच्या जाळ्या मात्र कृपया पाठवू नयेत, त्यांत पाखरे व साप अडकतात. फुले वाळवण्यासाठी ताडपत्री आणि साठवणीसाठी झाकणाचे पत्र्याचे डबे मिळाल्यास, पावसाळ्यापर्यंत माल राखून तो चांगल्या भावाने विकता येईल.

पैशांची मदत ग्रामसभेच्या बँक खात्यावर धनादेशानेच स्वीकारली जाईल, प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि खर्चाचा हिशेब भर सभेत वाचून दाखवला जाईल. होळीच्या सुमारास फुले गळू लागतात, त्यामुळे मदत त्यापूर्वी पोहोचावी, ही विनंती.

आपले नम्र,
अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य, ग्रामसभा