सुट्या भागांचं बिलही मंजूर व्हावं

महोदय,

भोर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी एकोणीस वर्षं विज्ञान शिकवते. आमच्या संगणक कक्षातले स्पीकर दोन वर्षांत मुके झाले. दुरुस्तीला नेले तर ‘हे उघडत नाहीत, नवे घ्या’ एवढंच उत्तर मिळालं. पडद्यावर धडा चालायचा आणि मागच्या बाकांवरच्या मुलांना नुसते ओठ हललेले दिसायचे. शेवटी गेल्या दिवाळीच्या सुटीत नववीची आठ मुलं बरोबर घेऊन मी स्पीकर शाळेतच बनवायला काढले.

स्वारगेटला उतरून बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून सामान आणलं: टीडीए २०३० जातीचे दोन आयसी (आवाज मोठा करणाऱ्या चिप), १२-०-१२ चा दोन अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, डायोडचा ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, व्हॉल्यूमचं बटण, आयसीच्या पाठीला लावून तिची उष्णता घेणारं धातूचं हीटसिंक. आठ ओहमचे स्पीकर गावातल्या भंगारवाल्याकडच्या दोन जुन्या टीव्हींतून मिळाले. पेट्यांसाठी १२ मिलिमीटरच्या प्लायचे उरलेले तुकडे सुताराने तसेच दिले. एकूण खर्च ९४० रुपये. प्लग, फ्यूज, स्विच ही २३० व्होल्टची बाजू मी स्वतः जोडून झाकून टाकली. मुलांच्या हातात दिलं ते सगळं ट्रान्सफॉर्मरच्या पुढचं.

पहिल्यांदा चालू केलं आणि फ्यूज उडाला. या आयसीची धातूची पाठ आतून तिसऱ्या पायाला जोडलेली असते आणि आमच्या जोडणीत त्या पायावर उणे १६ व्होल्ट होते. हीटसिंक पत्र्याच्या डब्याला टेकलेलं, डबा शून्याच्या तारेला जोडलेला, म्हणजे थेट शॉर्ट सर्किट. मध्ये वीज अडवणारी मायक्याची (अभ्रकाची) चकती आणि स्क्रूला प्लास्टिकचं बुश घातल्यावर ते मिटलं. मग भुणभुण सुरू झाली. अर्थच्या, म्हणजे शून्याच्या, तारा आम्ही जिथे जवळ पडेल तिथे जोडल्या होत्या. त्या सगळ्या दोन कपॅसिटरच्या मधल्या एकाच बिंदूवर आणल्या, आवाजाची तार ट्रान्सफॉर्मरपासून लांब नेली, आणि खोली शांत झाली.

तरी गाणं लावलं तेव्हा तबल्यातला डग्गा काही ऐकू येईना. एकेक स्पीकर वेगळा लावला तर ठीक, दोन्ही मिळून लावले की गायब. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी एका मुलीने भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढला आणि एका स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवला. टक् असा आवाज होऊन कागदी कोन बाहेर उडाला. दुसऱ्याला तसाच टेकवला, तो आत गेला. जुन्या स्पीकरवरच्या अधिक-उण्याच्या खुणा पुसल्या होत्या. एक पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता. एका स्पीकरच्या तारा उलट केल्या आणि डग्गा घुमला. तिने सेल पुन्हा टेकवला, या वेळी कोनावर बोट ठेवून. मग उलटा करून टेकवला. मग आठही जणांनी रांगेने बोट ठेवून पाहिलं.

दहावीत फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आहे. परीक्षेच्या आधी मुलं बोटं ताणून तो पाठ करतात: तर्जनी चुंबकीय क्षेत्र, मधलं बोट विद्युतधारा, अंगठा बल. मीही वर्षानुवर्षं तसाच शिकवला. कोनामागची कॉइल चुंबकाच्या फटीत बसलेली असते, धारा उलटली की बल उलटतं. १९२५ साली राइस आणि केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी मांडलेली हीच रचना आजही बहुतेक स्पीकरमध्ये आहे. माझी ही आठ मुलं अजून नववीत आहेत, पण तो अंगठा कुठे ढकलतो हे त्यांच्या बोटाला कळलं आहे.

आता तक्रार. हे ९४० रुपये शाळेच्या प्रयोगशाळा खर्चात घालावेत म्हणून मी बिलं दिली. ती परत आली. सुट्या भागांची कच्ची बिलं चालत नाहीत, मान्य यादीतलं तयार किट घ्या, असं सांगण्यात आलं. पैसे माझे गेले याचं दुःख नाही. पण तयार किटमध्ये फ्यूज उडत नाही, भुणभुण येत नाही, आणि घड्याळातला सेल काढायची वेळ कुणावर येत नाही. शाळेला वर्षाला दोन हजार रुपयांपर्यंत सुटं सामान मुख्याध्यापकांच्या सहीने घेता यावं, आणि मुलांनी बनवलेली चालती वस्तू प्रात्यक्षिकाच्या गुणांत धरली जावी, एवढी शिक्षण विभागाला कळकळीची विनंती आहे.

मुलांना आता मराठीच्या वर्गासाठी दुसरी जोडी बनवायची आहे. आसपासच्या वाचकांकडे बंद पडलेला जुना टीव्ही असेल तर भंगारात देण्याआधी जवळच्या शाळेला विचारावं. फक्त मागचं झाकण घरी उघडू नये. पिक्चर ट्यूबमध्ये टीव्ही बंद केल्यानंतरही हजारो व्होल्टचा भार राहू शकतो. ते काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावं.

– एक विज्ञान शिक्षिका, भोर (जि. पुणे)