डेटनच्या शिक्षकाची गाणी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. ‘बी थाउजंड’ हा अल्बम तू दोनदा ऐकलास आणि तरीही रॉबर्ट पोलार्ड या गायकाविषयी तुझे मत फारसे अनुकूल झाले नाही, याचे मला वाईट वाटले नाही. उलट तुझ्या दोन्ही तक्रारी इतक्या नेमक्या आहेत की त्यांना उत्तर द्यायचे म्हटले तर त्या माणसाचे आयुष्यच सांगावे लागेल, आणि ते सांगण्यासाठी मला निमित्त हवेच होते. ध्वनिमुद्रण इतके कच्चे का, ही तुझी पहिली तक्रार. आणि एवढी गाणी लिहिणाऱ्याने त्यांतली निम्मी स्वतःच बाजूला का टाकली नाहीत, ही दुसरी.

पोलार्डचा जन्म 31 ऑक्टोबर 1957 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेटन शहरात झाला. हे राइट बंधूंचे गाव. पोलार्डच्या अल्बमांच्या नावांत प्रोपेलर, झेपेलिन म्हणजे हवाई जहाज, मोडकी विमाने असे काहीबाही सतत डोकावत असते, ते मला त्या गावाचेच देणे वाटते. तरुणपणी तो उत्तम बेसबॉल खेळत असे आणि महाविद्यालयाच्या संघात त्याने गोलंदाज म्हणून नाव कमावले होते. पण पुढे त्याने शिक्षकाची नोकरी धरली आणि 14 वर्षे चौथीच्या वर्गाला शिकवले. लग्न झाले, दोन मुले झाली. ‘गाइडेड बाय व्हॉइसेस’ हा त्याचा बँड 1983 साली सुरू झाला तो याच संसारात, शाळा सुटल्यानंतरच्या वेळात, जुने मित्र आणि सख्खा भाऊ यांना सोबत घेऊन.

पुढची दहा वर्षे मला त्याच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाची वाटतात. 1987 ते 1990 या काळात बँडने चार अल्बम काढले, तेही पदरमोड करून आणि मोजक्या प्रतींत. कार्यक्रम जवळजवळ नव्हतेच, समीक्षा नव्हती, आणि डेटनच्या बाहेर या मंडळींचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. नोकरी आणि मुले सांभाळून तिशी ओलांडलेला माणूस तळघरात मित्रांबरोबर गाणी मुद्रित करत बसतो, तेव्हा जवळची माणसे त्याला काय म्हणत असतील, याची कल्पना तुला आणि मला नक्कीच करता येईल. 1992 साली त्याने ‘प्रोपेलर’ काढला तो शेवटचा म्हणूनच. त्याच्या फक्त 500 प्रती निघाल्या. कव्हर छापून घेण्याऐवजी पोलार्ड आणि त्याच्या सोबत्यांनी प्रत्येक प्रतीचे कव्हर हाताने रंगवले, चिकटवले, लिहिले. 500 प्रती, 500 वेगवेगळी कव्हरे. आता थांबायचेच, असे ठरवलेला माणूस इतके कष्ट घेतो, हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ माझे दुसऱ्या कशात लक्ष लागले नव्हते.

त्याच प्रती हातोहात फिरत योग्य माणसांपर्यंत पोहोचल्या. क्लीव्हलँडच्या ‘स्कॅट रेकॉर्ड्स’ या छोट्या कंपनीने बँडला हात दिला, 1993 साली ही मंडळी न्यूयॉर्कच्या ‘सीबीजीबी’ या नावाजलेल्या रॉक क्लबमध्ये वाजवून आली, आणि 1994 साली ‘बी थाउजंड’ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, पोलार्डने शाळा सोडली.

आता तुझी पहिली तक्रार. या अल्बमचे बरेचसे मुद्रण घरच्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर झालेले आहे. ट्रॅक म्हणजे टेपवरचा आवाज नोंदवण्याचा स्वतंत्र पट्टा. साध्या कॅसेटवर दोन बाजूंचे मिळून असे चार पट्टे असतात; हे यंत्र ते चारही पट्टे एकाच दिशेने वापरते. म्हणजे ड्रम, दोन गिटार आणि गळा एवढ्यातच जागा संपते. पाचवे काही हवे असेल तर आधीचे दोन-तीन पट्टे एकात मिसळून जागा रिकामी करावी लागते, आणि दर मिसळणीबरोबर टेपची खरखर वाढते, आवाजाची धार बोथट होते. तुला ऐकू आलेला धूसरपणा तो हाच. अल्बमच्या पहिल्याच गाण्यात एक गिटार मध्येच नाहीशी होते आणि काही क्षणांनी परत येते. ती टेपवरची चूक आहे आणि त्यांनी ती तशीच राहू दिली. तू तिला निष्काळजीपणा म्हणतोस. मला मात्र तिथे एक निवड दिसते. गाणे सुचल्यावर लगेच, त्याचा उत्साह ताजा असताना जे मुद्रण झाले, ते पुन्हा करायला गेले असते तर गिटार शाबूत राहिली असती, पण तो गळा तसा लागला नसता. बँडने 1986 साली स्टुडिओत रीतसर मुद्रित केलेली पहिली गाणी ऐकलीस तर माझे म्हणणे तुला पटेल. ती स्वच्छ आहेत, पण कोणाचीही असू शकतील अशी आहेत.

दुसऱ्या तक्रारीबाबत मी तुझ्याशी पूर्ण असहमत नाही. 1995 च्या ‘एलियन लेन्स’ या अल्बममध्ये सुमारे 41 मिनिटांत 28 गाणी आहेत, आणि त्यांतली काही नुसती खूण करून ठेवल्यासारखी संपतात. तरीही तू ‘सूटकेस’ या संग्रहाचा विचार कर. वर्षानुवर्षे साठवलेल्या कॅसेटांमधून निवडलेली 100 गाणी त्याने 2000 साली प्रसिद्ध केली, आणि प्रत्येक गाण्यापुढे वेगळ्या, मनाने रचलेल्या बँडचे नाव लिहिले. लहानपणापासून तो अस्तित्वात नसलेल्या बँडची नावे रचत असे आणि त्यांच्या अल्बमांची कव्हरे काढत असे. ती सगळी मंडळी इथे आपापले एकेक गाणे घेऊन हजर झाली आहेत. ऐकणारे कोणी नसताना ज्याने दहा वर्षे लिहिले, त्याला ‘हे चालेल, ते चालणार नाही’ असे कोणी सांगितलेच नाही. त्यामुळे निवडीची सवय त्याला लागली नाही हे खरे. पण न थांबण्याची जी सवय लागली, तिच्याशिवाय ‘बी थाउजंड’ झालाच नसता.

नंतरची हकीकत थोडक्यात सांगतो. 1999 साली ‘द कार्स’ या गाजलेल्या रॉक बँडच्या रिक ओकासेकला निर्माता म्हणून घेऊन गुळगुळीत ध्वनीचा प्रयोग झाला, तो मला अजूनही परका वाटतो. 2004 च्या वर्षअखेरीस शिकागोत 60 हून अधिक गाणी गाऊन बँड विसर्जित झाला, 2010 साली जुने सोबती पुन्हा एकत्र आले, 2014 साली पुन्हा फाटाफूट झाली, आणि 2016 पासून नव्या संचासह काम सुरू झाले. 2017 साली आलेला ‘ऑगस्ट बाय केक’ हा बँडचे आणि इतर सर्व उपक्रम धरून पोलार्डचा शंभरावा अल्बम होता. 2019 च्या 31 डिसेंबरला लॉस एंजेलिसमध्ये तो एकाच कार्यक्रमात 100 गाणी गायला. तेव्हा त्याने वयाची 62 वर्षे पूर्ण केली होती.

या पत्रापाठोपाठ तुला 2001 चा ‘आयसोलेशन ड्रिल्स’ पाठवत आहे. त्याचे मुद्रण स्वच्छ आहे, त्यामुळे खरखरीची तक्रार तुला करता येणार नाही, आणि त्यातले दुःख अगदी उघडे आहे. तो ऐकून झाल्यावर ‘बी थाउजंड’चे पहिले गाणे पुन्हा एकदा लाव, आणि गिटार नाहीशी होते त्या जागी तुझे लक्ष तिच्याकडे जाते की गळ्याकडे, ते मला कळव.

तुझा,
जुना मित्र