शेवटच्या सायकलस्वाराच्या पुढे निघून गेलेली मागची गाडी

प्रति,
व्यवस्थापक, सायकल सहल विभाग

विषय : ८ दिवसांच्या सामूहिक सायकल सहलीत चौथ्या दिवशी तीन जणांना वाटेत मागे सोडल्याबद्दल तक्रार

महोदय,

आपल्या सहलीत मी आणि माझे ६३ वर्षांचे वडील सहभागी झालो होतो. पहिले तीन दिवस उत्तम गेले, हे आधीच नमूद करते. चौथ्या दिवशी जे घडलं ते मात्र माफ करण्यासारखं नाही. त्यावर फोनवर मिळालेलं "तुम्ही ग्रुपच्या वेगाने चालला नाहीत" हे उत्तर तर त्याहून वाईट आहे.

त्या दिवशी सकाळी हातात दिलेल्या छापील कागदावर ९६ किमी अंतर आणि ८७० मीटर चढाई लिहिली होती. पाणी आणि खाण्याचे थांबे ३५ आणि ७० किमीवर होते. मोबाइलवर पाठवलेल्या जीपीएक्स फाइलमध्ये, म्हणजे मार्गाच्या डिजिटल नकाशात, मात्र मार्ग बदललेला होता. रस्ता बंद असल्याचं आदल्या संध्याकाळीच कळल्यामुळे फाइल बदलली, पण कागद तोच राहिला आणि कुणी तोंडीही सांगितलं नाही. प्रत्यक्षात दिवस निघाला १३१ किमीचा आणि १,५८० मीटर चढाईचा. ७० किमीचा थांबा नव्या मार्गावर नव्हताच. ३५ नंतरचा थांबा थेट ११२ किमीवर, घाट उतरून गेल्यावर होता. आमच्याकडे प्रत्येकी दोन बाटल्या, म्हणजे दीड लिटर पाणी. उन्हात चढ चढताना घामावाटे तासाला लिटरभर पाणी सहज जातं. हे हिशोब तुमच्या लीडला, म्हणजे पुढे राहून ग्रुपला नेणाऱ्या सायकलस्वाराला, माझ्यापेक्षा चांगले येत असणार.

वेगाबद्दलही बोलते. माहितीपत्रकात ताशी १५ ते २० किमीची सरासरी पुरेशी असल्याचं लिहिलं आहे. घाटाच्या पायथ्यापर्यंत आमची सरासरी साडेसतराच्या आसपास होती, जीपीएसची नोंद सोबत जोडली आहे. सपाटीवर पुढच्या सायकलच्या आडोशाने चालताना मागच्याचे कष्ट बरेच वाचतात, म्हणून तर आपण ग्रुपने चालवतो. पण लीडने प्रत्येक वळणानंतर एकदम ताशी ३० चा वेग धरला, की रांग ताणत जाते आणि शेवटच्याला ते अंतर एकट्याने, वारा अंगावर घेत भरून काढावं लागतं. तीन-चारदा भरून काढलं. पाचव्यांदा वडिलांना जमलं नाही, आणि मी त्यांच्यासोबत थांबले. आणखी एक सहप्रवासी, ज्यांची आमची ओळख चारच दिवसांची होती, तेही आपणहून थांबले.

१०.५० वाजता, ७२ किमीवर, मागची गाडी, म्हणजे सगळ्यांच्या मागून येणारी मदतीची गाडी, आम्हाला ओलांडून पुढे गेली. आत दमलेले दोन रायडर होते. चालकाने हात हलवला, आम्हीही हलवला. गाडी पुढे वळणावर थांबेल असंच आम्हाला वाटलं. ती पुन्हा दिसली संध्याकाळी ७.१० ला.

मधल्या आठ तासांतलं सगळं लिहीत नाही. घाटात ११ टक्क्यांचा चढ होता. भाड्याच्या सायकलला मागे ३४ दात्यांचं सर्वांत मोठं गिअरचं चाक असेल असं तुमच्या ई-मेलमध्ये लिहिलं होतं, मिळालं २८ चं. मागचं हे चाक लहान, तितकं चढावर पॅडल जड. कागदावर हा फरक क्षुल्लक वाटेल. पण पुढे ३४ आणि मागे २८ असताना मिनिटाला ६० वेळा पॅडल फिरवायचं, तर त्या चढावर ताशी ९ किमी वेग टिकवावा लागतो. तो टिकत नाही, मग गुडघ्यांवर जोर देत पॅडल दाबत राहावं लागतं. ९१ किमीवर माझ्या मागच्या चाकाची तार तुटली, चेनच्या बाजूची. चाक डुगडुगून ब्रेकला घासायला लागलं. पुढे जाण्यासाठी मागचा ब्रेक सैल करावा लागला, म्हणजे उतारावर माझ्याकडे फक्त पुढचा ब्रेक उरला. घाटाचा सर्वांत तीव्र, जवळपास ५ किमीचा उतार आम्ही तिघे सायकली हातात धरून उतरलो. तोपर्यंत वडिलांच्या दोन्ही पोटऱ्यांना गोळे आले होते. घाटमाथ्यावरच्या एका घरातून पाणी मिळालं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करते.

पावणेपाचला ११२ किमीवर पोहोचलो तेव्हा थांबा आवरून सगळे गेले होते. साडेतीनपर्यंत मुक्कामी पोहोचणार असं कागदावर असल्यामुळे दिवे सामानाच्या गाडीत होते. अंधारात, वाहनांच्या रस्त्यावर, दिव्याविना आम्ही सायकल चालवत होतो. मुक्कामी खोल्यांच्या चाव्या वाटताना दोन चाव्या उरल्या, तेव्हा कुठे आम्ही आलो नसल्याचं तुमच्या लक्षात आलं. गाडीत दोघे बसले म्हणजे मागे कुणी राहिलं नाही, असं चालकाने गृहीत धरलं होतं. दिवसभरात एकाही ठिकाणी डोकी मोजली गेली नव्हती.

तुमच्या मेकॅनिकबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्या रात्री उशिरापर्यंत बसून त्यांनी चाक सरळ केलं आणि शेजारच्या दोन ताराही सैल असल्याचं स्वतःहून दाखवलं. सायकल देण्याआधी त्या तपासल्या नव्हत्या, ही जबाबदारी त्यांच्यावर ढकलू नये.

त्या दिवसाचं सहल शुल्क आणि माझ्या सायकलचं पूर्ण भाडं परत मिळावं. त्याहून महत्त्वाचं, मागची गाडी कोणत्याही कारणाने शेवटच्या सायकलस्वाराच्या पुढे जाणार नाही आणि कुणाला पुढे न्यायचं असेल तर दुसरी गाडी येईल, असा नियम करून तो मला लेखी कळवावा. प्रत्येक थांब्यावर नावानिशी मोजणी व्हावी. मार्ग बदलला तर कागदही बदलावा. आणि "ग्रुपच्या वेगाने चालला नाहीत" हे वाक्य माझ्या वडिलांची माफी मागून मागे घ्यावं. पुढचे दोन दिवस ते गाडीत बसून होते, आणि चूक आपलीच असं त्यांना अजून वाटतं.

१५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे.

आपली,
चौथ्या दिवशी मागे राहिलेल्या तिघांपैकी एक

सोबत : जीपीएस नोंद, छापील मार्गपत्रिका, गिअरबाबतचा ई-मेल, तुटलेल्या तारेचं छायाचित्र