ठोके तपासणारे यंत्र गावात आले, आता आयएनआर रक्ततपासणीही यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या माण तालुक्यातल्या आरोग्य शिबिरांत अलीकडे हृदयाचे ठोके तपासणारे छोटे यंत्र दिसू लागले आहे. बोटभर लांबीची चपटी पट्टी असते. तिच्यावरच्या धातूच्या दोन चकत्यांवर दोन्ही हातांची बोटे ठेवायची, की अर्ध्या मिनिटात मोबाइलवर ईसीजीचा आलेख उमटतो. आरोग्य सेविका म्हणून माझी सगळी नोकरी याच भागात झाली. निवृत्त झाले तरी शिबिर असले की बोलावणे येते आणि मी जाते.

गेल्या महिन्यात ज्येष्ठांचे आलेख काढायचे काम माझ्याकडे होते. खुरपणी-भांगलणीने बायकांच्या बोटांची कातडी इतकी राठ झालेली असते, की यंत्राला काही कळतच नाही. ओल्या रुमालाने बोटे पुसायची, हात मांडीवर टेकवायचे आणि "आजी, अर्धा मिनिट बोलायचं न्हाई" म्हणायचे. एवढे केले की आलेख स्वच्छ येतो. घाई केली तर हात थरथरतो, यंत्र निदान देत नाही आणि रांगेच्या गडबडीत त्या माणसाची तपासणी झाली असेच धरले जाते. शिबिर घेणाऱ्यांनी दिवसाला किती जण तपासले हे सांगण्यापेक्षा किती आलेख नीट आले आणि ते डॉक्टरांनी स्वतः वाचले का, हे सांगावे.

ही तपासणी हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ठोके अनियमित होण्याचा जो विकार हे यंत्र पकडते, त्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. तिथे रक्त साकळून गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. असा धोका इतरांपेक्षा सुमारे पाचपट, आणि कितीतरी जणांना छातीत धडधडसुद्धा जाणवत नाही. रक्त पातळ करणारी गोळी नियमाने घेतली तर यातले बरेच लकवे टळतात. ॲस्पिरिनने हे काम होत नाही, तरी "मी रक्त पातळ करायची गोळी घेतो" म्हणून ॲस्पिरिनचे पाकीट दाखवणारे अजूनही भेटतात.

माझे म्हणणे आहे ते आलेख बिघडलेला निघाल्यानंतरचे. शिबिरात एका आजींचे ठोके पूर्ण अनियमित निघाले. त्या आल्या होत्या गुडघ्यांसाठी. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा असे त्यांनी सांगितले. पुढे इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तेव्हा हृदयाची झडप अरुंद झालेली दिसली. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेले असे रुग्ण पुष्कळ आहेत. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांना वारंवार रक्ततपासणी लागत नाही, पण या रुग्णांना त्या चालत नाहीत. भारतासह २४ देशांतल्या सुमारे साडेचार हजार रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या पद्धतीची गोळीच सरस ठरली, मृत्यूही तिच्यावरच्या रुग्णांत कमी झाले. ही जुनी गोळी म्हणजे वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम. तिचा डोस आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी रक्ततपासणी) पाहून ठरतो. आयएनआर साधारण २ ते ३ मध्ये राहावी लागते. खाली गेली तर गुठळीचे भय, वर गेली तर रक्तस्रावाचे.

आता या आजींनी आयएनआर करायची कुठे? सुरुवातीला दर काही दिवसांनी आणि गोळी बसल्यावरही महिन्याला. दर वेळी साताऱ्याला जायचे म्हणजे एसटीचे भाडे, सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी. दोन फेऱ्यांनंतर मुलगा मला म्हणाला, "म्हातारीला काय त्रासच न्हाई, मग कशाला?" त्याला मी दोष देत नाही. त्यात गुडघे दुखले की मेडिकलमधून पेनकिलर येते. या गोळीबरोबर ती घेतली तर रक्तस्राव होऊ शकतो, हे दुकानात कोणी सांगत नाही.

बोटाच्या थेंबावर आयएनआर सांगणारे हातातले यंत्रही मिळते. ते निदान ग्रामीण रुग्णालयात ठेवावे आणि एनसीडी (असंसर्गजन्य आजारांच्या) क्लिनिकच्या दिवशी ही तपासणी मोफत व्हावी. रक्तदाब, मधुमेह आणि तीन कर्करोगांची तपासणी आपल्या आरोग्य केंद्रांत तिशीपासून चालते, त्यात ठोक्यांचा रकाना नाही. सरसकट सगळ्यांचा आलेख काढा असे मी म्हणत नाही. स्वीडनमध्ये ७५-७६ वर्षांच्या लोकांना बोलावून अशी तपासणी केली, तेव्हा फायदा दिसला पण थोडाच. ६५ च्या पुढचा माणूस रक्तदाब मोजायला आला की सेविकेने पूर्ण मिनिटभर नाडीवर बोट ठेवावे. नाडी अनियमित लागली तरच पट्टीवर आलेख काढावा.

आणि शिबिर घेणाऱ्या संस्थांना विनंती, की अनियमित ठोके निघालेल्यांची यादी त्याच दिवशी उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाती द्यावी, आलेखाच्या छापील प्रतीसह. मोबाइलमधला आलेख संस्थेबरोबर निघून जातो आणि पुढच्या डॉक्टरांना दाखवायला रुग्णाकडे काहीच उरत नाही.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
ता. माण, जि. सातारा