हार्मोन म्हणजे झाडाचं टॉनिक नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीतला वनस्पतींच्या हार्मोन्सवरचा लेख वाचला. भाषा छान आहे पण सगळा सूर असा की हार्मोन म्हणजे टॉनिक, दिलं की झाड वाढलं, नाही दिलं की खुंटलं. असं नसतं हो! हार्मोन नुसता निरोप आणतो, कुठलं जीन चालू आणि कुठलं बंद हे पेशीतली प्रोटीन्स ठरवतात आणि त्यांचं लेखात नावसुद्धा नाही.

जिबरेलिन या वाढीच्या हार्मोनचंच घ्या. वाढीची जीन्स चालू करणारी प्रोटीन्स पेशीत आधीपासून हजर असतात, पण डेला नावाची प्रोटीन्स त्यांना धरून ठेवतात, डीएनएवर बसूच देत नाहीत, म्हणजे इंजिन चालू पण हँडब्रेक ओढलेला. जिबरेलिन जीआयडी1 या रिसेप्टरमध्ये, म्हणजे निरोप टिपणाऱ्या प्रोटीनमध्ये, जाऊन बसतं, मग तो रिसेप्टर डेलाला पकडतो, डेलावर युबिक्विटिन या छोट्या प्रोटीनची ‘मोडीत काढा’ अशी खूण लागते आणि प्रोटिआझोम, म्हणजे पेशीतलं प्रोटीन मोडणारं यंत्र, त्याचे तुकडे करून टाकतो. झालं, ब्रेक सुटला.

हे नुसतं पुस्तकी नाही. हरितक्रांतीतला बुटका गहू आठवा, खत जास्त दिलं तरी न लोळणारा. त्याच्या डेलाचा जो भाग रिसेप्टरच्या हाताला लागायचा तोच म्युटेशनमुळे बिघडलेला आहे, हे 1999 साली समोर आलं. त्या गव्हाच्या रोपांवर जिबरेलिन फवारून बघा, ढिम्म! उंचीत फारसा फरक नाही. आणि आयआर8 हा बुटका भात? तो फवारल्यावर उंच होतो, कारण त्याच्यात ब्रेक धड आहे, जिबरेलिन बनवणारं एन्झाइमच तेवढं बिघडलंय. दोन्ही बुटके, पण कारणं पार वेगळी, आता टॉनिकच्या हिशोबाने हे कसं समजावणार?

ऑक्सिन या दुसऱ्या हार्मोनचंही तेच, तिथे ऑक्स-आयएए नावाची प्रोटीन्स जीन्स दाबून ठेवतात. ऑक्सिन त्यांच्या आणि टीआयआर1 रिसेप्टरच्या मधे डिंकासारखं चिकटतं आणि ती मोडीत निघतात. टू-फोर-डी हे तणनाशक म्हणजे कृत्रिम ऑक्सिनच, ते याच जागी बसतं, पण रुंद पानांच्या तणाला ते नेहमीच्या ऑक्सिनसारखं चटकन मोडता येत नाही, मग जीन्स चालूच राहतात आणि तण वेडंवाकडं वाढून मरतं. म्हणजे तुमचं ‘टॉनिक’ तणनाशक म्हणूनही विकलं जातं, हे लेखात यायला हवं होतं ना?

शिवाय डेला मोडला की कीड-रोगांशी लढणारी जॅस्मोनेट या हार्मोनची यंत्रणाही थोडी ढिली पडते, कारण तिला दाबणाऱ्या जॅझ प्रोटीन्सना डेलाच अडकवून ठेवत असतो. नुसती उंची वाढवायची म्हणून फवारणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

पुढच्या लेखात डेलाची एक आकृती तरी टाका, जागा कमी पडली तर टॉनिकच्या बाटलीचं ते मोठं चित्र वगळा, भरपूर जागा होईल.

आपला,
एक नियमित वाचक